तिघांपुरती गत

कल्याण स्टेशनात गाडीला बसण्याआधी उतारूंना ओळीनं उभं करत, अंगावरचे कपडे उतरवायला लावत आणि प्लेगची गाठ आली आहे का ते काखेत, जांघेत दाबून बघत. त्या ओळीत उघड्या अंगानं आपली पाळी यायची वाट बघत असताना श्रीपादला सतारीच्या गतीचा मुखडा सुचला. काही सुचावं म्हणून तो उभा नव्हता. समोरच्या माणसाच्या पाठीवरची घामोळी बघत होता. गोरा डॉक्टर एका काखेत बोटं दाबी, मग दुसऱ्या काखेत, मग जांघेत जरा जास्त वेळ, आणि मग कार्बोलिकच्या पाण्यात हात बुडवी. दोन आखूड, एक लांब, आणि मग काही नाही. हे काही नाही दर वेळी सारखं नसे. कधी घंगाळातलं पाणी बदलायचं असे, कधी डॉक्टर नुसताच रुळांपलीकडे बघत राही. चार माणसं पुढं सरकली आणि श्रीपादच्या लक्षात आलं, की ही चाल आपल्या ओळखीची आहे. चैत्रात ठाण्याबाहेर बाळकुमच्या बाजूला प्लेगच्या झोपडीबाहेर तो कुडाला पाठ लावून बसला होता, तेव्हा कुडापलीकडून सुमतीचा, त्याच्या बायकोचा, श्वास असाच येत होता. दोन आखूड, एक लांब, आणि मग काही नाही. आता आपल्याला भडभडून येईल, असं त्याला वाटलं. तशी त्यानं तयारीही केली, दात आवळले. आलं ते एवढंच, की लांब श्वास पंचमावर बसेल. त्यानं खाली बघितलं, तर डाव्या हाताची बोटं मांडीवर सतारीचे पडदे चाचपत होती. मग डॉक्टरचा हात त्याच्या काखेत आला. हात थंड होता. याहून जास्त काही वाटलं नाही. शेजारी कनातीमागं बायकांची तपासणी चालली होती. तिथून कुणी म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "बघ रे बाबा, नीट बघ. माझ्या नवऱ्यानंसुद्धा एवढं बघितलं नव्हतं!" ओळीतली माणसं हसली. श्रीपादही हसला, म्हणजे त्याचे गाल वर गेले.

तो सुमतीच्या माहेराहून परतत होता. तिच्या बुगड्या आणि लग्नातला शालू त्यानं तिच्या आईच्या हवाली केला होता. ती माउली म्हणाली होती, "राहू द्या ना काहीतरी तुमच्याकडे." त्यावर तो म्हणाला होता, "ठेवायला जागा नाही." हे खरं नव्हतं, पण तोंडातून दुसरं काही निघालं नाही. गाडी दिवा स्टेशनाजवळ आली तेव्हा मिठागरांवरून ओला खारा वारा आत शिरला आणि मुखड्याची दुसरी ओळ आपोआप पहिलीला जोडली गेली. ठाण्याच्या शाळेत तो पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवी. एखादी गोष्ट कशी घडली ते पायरीपायरीनं मांडायची त्याला सवय होती, आणि ती सवय गेले दोन महिने त्याच्या डोक्यात एकच गोष्ट मांडत बसली होती. तपासणीची टोळी आळीत शिरली, तेव्हा आईनं तापलेल्या सुमतीला उचलून देवघरात निजवलं. एरवी पारोशा, आजारी माणसाला तिनं तिथं पाऊल ठेवू दिलं नसतं. पण तिचं म्हणणं साधं होतं. गोरा झाला म्हणून काय झालं, देवघरात कोणी पाय घालायचा नाही. त्या घरात देवघराचा उंबरा ही सगळ्यात पक्की भिंत होती, आणि हे त्या भिंतीला माहीत होतं तसं साऱ्या जगाला माहीत असेल, असं आई आणि दोघा मुलांना, तिघांनाही वाटलं. त्यालाही. विज्ञान शिकून आलेल्या त्यालाही. शिपाई सरळ उंबऱ्यापाशी आला. तेव्हा श्रीपादच्या धाकट्या भावानं, आनंदनं, त्याला अडवलं नाही. तो खाली वाकला आणि शिपायाच्या बुटाची नाडी सोडू लागला. शिपायाला काय वाटलं कोण जाणे. त्यानं पाय झटकला, आनंदनं बूट सोडला नाही, शिपाई उताणा पडला आणि त्याचं डोकं समईवर आपटलं. सरकारी माणसावर हल्ला, एक वर्ष सक्तमजुरी. त्या गलक्यात टोळीबरोबरच्या डॉक्टरनं श्रीपादला विचारलं, "ताप किती?" श्रीपादच्या हातात शाळेतून आणलेला थर्मामीटर होता. त्यानं सांगितलं. बरोबर सांगितलं.

गत बसवायची, हे त्याच्यावर चार दिवसांपूर्वीच येऊन पडलं होतं. भाऊ घरी आले होते. भाऊ हे वडिलांचे जुने स्नेही, कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. पगडी काढून मांडीवर ठेवली की ते कामाचं बोलणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"बावीस तारखेला राणीची जुबिली," ते म्हणाले. "कलेक्टरसाहेबांच्या बंगल्यावर मोजकी मंडळी जमणार. त्यांना आपल्याकडचं काहीतरी ऐकायचंय, पण नवं हवं. मामलेदारांनी तुझं नाव सुचवलं."

"मामलेदारांना माझं नाव कुठून कळलं?"

"मी सांगितलं म्हणून." भाऊंनी दाराकडं एकदा बघून घेतलं. "जुबिलीला काही कैदी सुटणार आहेत, श्रीपाद. ठाण्याच्या तुरुंगातले कोण, ते साहेब ठरवणार. आता कळलं?"

"एखादं गाणं बसवू?"

"गाणं नको रे बाबा! शब्द आले की इंग्रजी तर्जुमा आला, आणि तर्जुमा वाचून कुणाला काय झोंबेल त्याचा नेम नाही. दिवस कसले आहेत बघतोस ना. नुसते सूर असू देत. सुरांचा तर्जुमा करणारा कारकून अजून सरकारनं नेमलेला नाही."

"किती जण घेऊ?"

"तिघं. पाच माणसं जमली तर चौकीला वर्दी द्यावी लागते."

"मग चार चालतील."

"चार असले की मोजणारा पाच मोजतो. तिघं."

घरात माणूस गेलं की वर्ष होईपर्यंत वाद्य वाजत नसे. आईनं स्वतःच सतारीच्या तारा उतरवून, गवसणी घालून ती माळ्यावर टाकली होती. भाऊ गेल्यावर आईच शिडी लावून वर चढली. सतार घेऊन उतरली, आणि पदरानं भोपळ्यावरची धूळ पुसायला लागली. "वर्ष व्हायचंय, आई," श्रीपाद म्हणाला. "वर्ष कधी व्हायचं ते मला शिकवू नकोस," ती म्हणाली. "एक गेली. एक आहे. तू वाजव."

तालमी दौलत गुरवाच्या खोलीत होत. दौलत देवळात पखवाज वाजवी. देवळामागच्या त्या खोलीला एक दार होतं आणि खिडकी नव्हती. तिसरा होता पास्कू, चर्चमध्ये फिडल वाजवणारा. त्याचं फिडल श्रीपादला हवं होतं, कारण सतारीचा सूर छेडल्या क्षणापासून मरायला लागतो आणि फिडलचा सूर गजाच्या जोरावर जितका वेळ ठेवावा तितका वेळ जगतो. लांब श्वासाला ते लागणार होतं. असा विचार आपण करतो आहोत हे त्याला दिसत होतं, काचेपलीकडून दिसावं तसं. बाहेर पाऊस लागून राहिला होता. पखवाजाचं कातडं सर्द होऊन उतरायचं, मग दौलत ते शेगडीवर शेकी, डाव्या पुडीला कणीक लावी आणि पुटपुटत पुन्हा सुरू करी. तिसऱ्या दिवशी तो थांबला.

"मास्तर, हितं काय वाजवू? तुम्ही दोगं थांबता, मी बी थांबतो. मग वाजवतं कोण?"

"कोणीच नाही. ती जागा रिकामीच आहे."

"आणि समेवर कोण येनार? लोक म्हनतील, गुरव झोपला."

"म्हणू देत."

"तुमाला काय, तुमी शाळंत जानार. मला उद्या देवळात तोंड दाखवायचंय."

पास्कू गजाला राळ घासत होता. तो म्हणाला, "आमचा पाद्री असाच थांबते. सगल्यांना वाटते, विसरला. मग कोन खोकते, कोन पोराला चापट मारते. तवर त्याचा दम येते."

"आणि दम नाही आला तर?" दौलतनं विचारलं.

"तर दुसरा पाद्री येते," पास्कू म्हणाला, आणि दोघं खो खो हसले. श्रीपादनं सतारीची मिझराब बोटात सारखी केली आणि म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून." रिकामी जागा किती ठेवायची ते तो मानेनं सांगत असे. दोघं त्याच्याकडं बघत थांबत, मान हलली की उचलत. ही जागा दर खेपेला वेगळी यायला हवी होती, कारण सुमतीची तशीच यायची. कुडाला पाठ लावून बसलेला असताना तो ती जागा मोजत नव्हता, नुसता पुढच्या श्वासाची वाट बघत होता. आणि वाट बघणारं शरीर जे शिकतं, ते विसरत नाही, असं त्याला आता दिसून आलं. चौथ्या-पाचव्या दिवशी गत उभी राहिली. प्रयोगशाळेत द्रावणाचा रंग पालटला की कळतं, तसं त्याला कळलं, की हे चांगलं झालं आहे. आपण आजवर बसवलेल्या सगळ्याहून चांगलं. आनंद होईल म्हणून त्यानं वाट बघितली. मग घरी जाऊन जेवला.

बावीस तारखेला बंगल्याच्या दिवाणखान्यात खुर्च्यांच्या दोन ओळी होत्या आणि समोर त्या तिघांसाठी जाजम होतं. पुढच्या ओळीत साहेब, त्यांची मॅडम, आणि जांभळ्या नाकाचा तो डॉक्टर, ज्यानं ताप किती म्हणून विचारलं होतं. त्यानं श्रीपादला ओळखलं नाही. ओळखण्याचं काही कारणही नव्हतं, त्यानं पुष्कळ घरं बघितली होती. श्रीपादनं पहिला स्वर छेडला आणि सगळं जसं बसवलं होतं तसं घडत गेलं. पहिल्या रिकाम्या जागेशी खुर्च्यांची करकर थांबली. दुसऱ्या जागेशी त्याला दिसलं, की मॅडमनं पंखा हलवायचा थांबवला आहे. तिसऱ्या जागेशी त्या खोलीत कुणीच श्वास घेत नव्हतं. ही सगळी माणसं सुमतीच्या पुढच्या श्वासाची वाट बघत होती. डॉक्टरसुद्धा, ओठ किंचित उघडे ठेवून. श्रीपादनं मान हलवली, पास्कूचा गज चालला, आणि खोलीनं श्वास सोडला. गत संपल्यावर टाळ्या झाल्या, आणि मॅडम काहीतरी म्हणाली. ते श्रीपादला मागच्या ओळीत बसलेल्या भाऊंच्या आधी समजलं. पुन्हा. तिला पुन्हा ऐकायचं होतं. साहेबांनी हसून हात पसरले, राणीच्या दिवशी बायकोचा शब्द कोण मोडणार, अशा अर्थाचं काही बोलले, आणि श्रीपादनं पुन्हा वाजवलं. पहिल्या खेपेला तो घाबरलेला होता, हात थोडे जड होते. दुसऱ्या खेपेला ते मोकळे झाले. मींड लोण्यासारखी आली. खोली आपल्या मानेच्या इशाऱ्यावर थांबते आणि चालते, हे त्याच्या बोटांना कळलं, आणि तिसऱ्या रिकाम्या जागेशी ती जागा त्यानं लागेल त्याहून जरा जास्त ताणली, नुसतं बघायला. त्या वेळी पोटातून काही गरम वर आलं. त्याला ते ओळखायला वेळ लागला, कारण पुष्कळ दिवसांत ते आलं नव्हतं. तो खूश होता.

साहेबांनी गतीचं नाव विचारलं.  भाऊ इंग्रजीत म्हणाले, "ज्युबिली गत, सर," आणि साहेब खूश झाले. निघताना त्यांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. सकाळी या, म्हणाले, तुरुंगाच्या दाराशी.

सकाळी आई धुतलेलं धोतर, सदरा आणि डब्यात दहीभात घेऊन तुरुंगाच्या दाराशी आधीच जाऊन उभी होती. श्रीपाद तिच्या मागं उभा राहिला. वाटेत चालता चालता त्यानं सहज सुमतीचा श्वास आठवायचा प्रयत्न केला होता, आणि तो पखवाजासकट आठवला. त्यानं पखवाज काढून टाकायचा प्रयत्न केला. मग फिडल उरलं. फिडल काढलं, तर काहीच उरलं नाही. तो तसाच पुन्हा पुन्हा करून बघत होता, रसायन गाळून पुन्हा गाळावं तसा, तेवढ्यात दारातली दिंडी उघडून हवालदार बाहेर आला आणि म्हणाला, "घरी जा, आजी. आज कोणी सुटत नाही."

"साहेब म्हणाले होते."

"काल म्हणाले होते. राती पुण्याला गोऱ्या अंमलदारांना गोळ्या घातल्या. तार आलीय. आता पुढला हुकूम येईस्तवर दार बंद."

"मेले?"

"एक गेला म्हणतात. एक आहे."

आईनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पुणं इथून किती लांब हो?"

"लांब आहे, आजी."

"मग?" आई म्हणाली. हवालदारानं श्रीपादकडं बघितलं, जणू ह्याचं उत्तर शिकलेल्या माणसानं द्यावं.  मायलेक ऊन वर येईपर्यंत तिथं उभे राहिले, कारण आई हलेना. मग तिनं डब्यातला दहीभात हवालदाराला दिला. "नासेल," ती म्हणाली.

आषाढ निम्मा सरल्यावर भाऊ पुन्हा आले. ह्या वेळी त्यांनी पगडी काढली नाही. मध्यंतरीच्या दिवसांत गावात पुष्कळ घरांतून पुष्कळ कागद जाळले गेले होते, आणि चार माणसं बोलत उभी राहायची ओट्यावरची चाल बंद झाली होती. "मॅडमची बहीण आलीय मुंबईहून," भाऊ म्हणाले. "शनिवारी चहाला ती गत हवी. तीच. आणि त्या म्हणाल्या, ती जी मधे थांबण्याची जागा आहे ना, शेवटची, ती आणखी लांबवता येईल का बघा. तिथं त्यांच्या अंगावर काटा आला होता."

"आणि आनंद?"

"साहेब 'बघतो' म्हणालेत." भाऊ थकल्यासारखे बसून राहिले. "हल्ली 'बघतो' म्हणजे पुष्कळ झालं, श्रीपाद. बाकीच्यांना तेही म्हणत नाहीत."

शनिवारच्या आधी भाऊंनीच खटपट करून भेट मिळवून दिली. दोन भावांच्या मधे लोखंडी गज होते आणि बाजूला एक शिपाई जांभया देत उभा होता. आनंदचे केस काढले होते. त्यामुळं त्याचे कान मोठे दिसत होते, लहानपणी दिसायचे तसे.

"दादा, बारीक झालास तू."

"तू झालायस."

"मी दळतोय रे. आईला सांग, तुझा मुलगा जात्यावर बसतो. हसेल ती." त्यानं तळहात दाखवले. "आता तुझी सतार धरली तर तारा नाही, खुंट्याच तुटतील." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "तू बंगल्यावर वाजवलंस म्हणे. हवालदार सांगत होता. साहेबाच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं."

"मला नाही दिसलं."

"काय वाजवलंस?"

श्रीपादला वाटलं, की विचारलेल्या प्रश्नाचं आपण बरोबर उत्तर द्यावं. "सुमतीचा शेवटचा श्वास," तो म्हणाला. "मी कुडाबाहेर बसून ऐकला होता. तो आहे त्यात. तसाच. आता ती बाई शनिवारी पुन्हा वाजवायला सांगतेय. तू नको म्हण, आनंद. तू म्हणालास तर मी जाणार नाही."

 शिपायानं एक जांभई दिली. "कोणाला माहीत आहे हे?" आनंदनं विचारलं.

"कोणालाच नाही."

"मग वाजव."

"आनंद—"

"अरे, वाजव ना, दादा. शनिवारी वाजव, रविवारी वाजव, ती बोलवेल तेव्हा वाजव. मी त्याचा बूट धरला ना, तेव्हा मला वाटलं होतं, आपण कोणीतरी आहोत. इथं तसं काही वाटत नाही. इथं फक्त झोप येते. वहिनी गेली. मला घरी यायचंय." तो रडत नव्हता. तेच श्रीपादला ओळखीचं वाटलं. गजांमधून त्यानं भावाकडं बघितलं आणि आरशात बघितल्यासारखं त्याला झालं. "बरं," तो म्हणाला.

शुक्रवारी दौलतच्या खोलीत तिघं बसले. दौलतनं पखवाज शेकून घेतला होता. श्रीपादनं सांगितलं, की शेवटची रिकामी जागा वाढवायची आहे. "अजून?" दौलत म्हणाला. "मास्तर, तितक्यात मी घरी जाऊन भाकर खाऊन येईन." पास्कू म्हणाला, "किती ते सांगा. बोटं मोजू?" श्रीपाद म्हणाला, मोजू नका, नेहमीसारखं माझ्याकडं बघा. त्यांनी मधूनच सुरुवात केली. दोन आखूड, एक लांब, जागा. दोन आखूड, एक लांब, जागा. मग शेवटची जागा आली आणि तिघांचे हात थांबले. दौलतचा पंजा पुडीवर अधांतरी होता, पास्कूनं गज तारेपासून केसभर वर धरला होता, दोघांचे डोळे श्रीपादच्या मानेवर होते. पाऊस होता, पण ऐकू येत नव्हता. बंगल्यावर वाजवली तेवढी जागा संपली. तो थांबला. मॅडमला हवी असेल तेवढी झाली असावी. तो थांबला. कुडाबाहेर त्या दिवशी ही जागा अशीच सुरू झाली होती, इतर जागांसारखी, आणि तो पाठ लावून वाट बघत बसला होता. मग आतून शुश्रूषेची बाई बाहेर आली आणि तिनं त्याच्या खांद्याला हात लावला, तरी तो पुढच्या श्वासासाठी कान देऊन होता. तो श्वास अजून यायचाच होता. ह्या जागेची खरी लांबी तेवढी होती. मान हलवली नाही, तर ती तेवढी राहणार होती. दौलतनं पंजा जरा खाली आणला. पास्कूनं भुवया वर केल्या. तुरुंगात आता आनंद दळत असेल, झोपेला आलेला.

श्रीपादनं मान हलवली. दोघांनी समेवर उचललं, आणि गत पुढं चालू झाली.